किती सांगू, बाय?

"चार सांगू का तीन, बाय?" बुधीने विचारलं.

अहिल्याला हसू आलं. "हा काय मासळीबाजार आहे का गं? दुखतं किती ते सांग. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे जीव जाईल इतकं."

बुधीने पंख्याकडे बघत विचार केल्यासारखं केलं. "मंग चार."

अहिल्याने फॉर्मवर चारला गोल केला. पहिल्या महिन्यात आठ होते, दुसऱ्या महिन्यात सहा आणि आता चार. मग तिने लांब दांड्यांचा प्लास्टिकचा कोनमापक बुधीच्या उजव्या खांद्याला लावला आणि हात वर करायला सांगितलं. बुधीने डोळे मिटले, ओठ मिटले आणि कमरेत जरा कलत हात पार कानापर्यंत नेला.

"एकशे वीस!" अहिल्या जवळजवळ ओरडलीच. "मागच्या वेळी नव्वद होता गं तुझा!"

तिने लगेच बाहेर दोन चहा सांगितले. ही तिची रीतच पडून गेली होती. आकडा उतरला की चहा. बुधीने कप उजव्याच हातात धरला आणि सावकाश ओठांपर्यंत नेला. दारावरून डॉक्टर देवेश चालले होते, त्यांना हाक मारून अहिल्याने तो कप दाखवला. डॉक्टरांनी अंगठा वर केला. बुधीही हसली, पण कप खाली ठेवताना तिने डाव्या हाताचा आधार घेतला. ते अहिल्याला दिसलं नाही. खरं सांगायचं तर तिला त्या वेळी फक्त चार हा आकडा दिसत होता.

अठ्ठावीस वर्षं तलासरी तालुक्यातल्या पाड्यापाड्यांतून लसीचा डबा खांद्याला लावून फिरलेली ही नर्सबाई. निवृत्त झाल्यावर घरी बसून करमेना, म्हणून डहाणूच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात कंत्राटावर लागली. तिथे खांद्याचा सांधा झिजलेल्या लोकांवर एका नव्या इंजेक्शनचा अभ्यास चालू होता. महिन्याला एक, अशी तीन इंजेक्शनं. निम्म्या लोकांना औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं हे अहिल्यालाही ठाऊक नव्हतं आणि देवेशनाही. हे सगळं सह्या-अंगठे घेण्याआधी प्रत्येकीला दोन-दोनदा समजावून झालं होतं आणि प्रत्येकीने मान हलवली होती.

बायका मिळायला कष्ट पडले नाहीत. कैनाड, रानशेतच्या बाजूच्या कितीतरी बायांचा जन्म चिकूच्या वाड्यांत गेलेला. लांब काठीला जाळी बांधायची आणि मान वर करून, हात वर करून दिवसभर फळं उतरवायची. अशा अकरा जणी अहिल्याने जमवल्या. त्यांच्यासाठी दवाखान्याची जीप मागून घेतली, गावात दोन फेऱ्या तर स्वतः मारल्या. एकही बाई सोडून गेली नाही. मुंबईहून फाइली तपासायला आलेल्या साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं, तेव्हा तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

फॉर्ममधले प्रश्न मात्र कुठल्या मुलखातून आले होते देव जाणे. "पँटच्या मागच्या खिशातून वस्तू काढताना किती दुखतं?" असं विचारलं तेव्हा लाडकी नावाची म्हातारी आपलं लुगडं चाचपत म्हणाली होती, "खिसा कवा लागला माना?" दोघी हसून हसून बेजार झाल्या होत्या. उत्तराची जागा मात्र रिकामी ठेवून चालत नव्हती. अहिल्याने लाडकीच्या पाठीकडे बघून अंदाजाने आकडा टाकला होता.

घरी तिचे यजमान प्रल्हादराव वाटच बघत असायचे. रेल्वेत गेटमन होते. तीस वर्षं फाटकाचं हँडल फिरवून त्यांचा उजवा खांदा गेला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी सांधा बदलायला सांगितला होता, पण सुरीचं नाव काढलं की त्यांचा चेहरा पडे. दवाखान्यात नोकरीला असलेल्यांच्या घरचं माणूस अभ्यासात घेत नाहीत, त्यामुळे त्यांना इंजेक्शन मिळणार नव्हतं. "येईल की बाजारात. तोवर थांबू," असं म्हणून त्यांनी ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं होतं. रोज संध्याकाळी अहिल्या त्यांचा शर्ट काढून द्यायची, आधी डावी बाही, मग उजवी. आणि रोज ते विचारायचे, "उतरतंय का गं तुझ्या बायकांचं?"

त्या दिवशी ती म्हणाली, "चारवर आली बुधी."

"आठवरून?" प्रल्हादराव सुखावून पायरीवर बसले. "मग मला पाचपर्यंत आणलं तरी पुष्कळ."

पुढच्या रविवारी चारोटीला भाचीचं लग्न होतं. परत येताना रानशेतला भाड्याची ईको गाडी थांबली, तेव्हा अहिल्याच्या मनात आलं, बुधीला पुढची तारीख सांगूनच जावं. तिचा पाडा रस्त्यापासून लांब नव्हता. हातात लग्नातल्या बुंदीची पिशवी होती, तीही देता येईल. नव्या साडीचा काठ सावरत ती बांधावरून निघाली.

अंगणात बुधी खाली बसली होती, मान गुडघ्यांत घालून. मागे तिची सून रविना तिचे केस विंचरत होती. बुधीचा उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला होता. अहिल्याच्या फॉर्मवर लिहिलं होतं, केस विंचरताना दुखणं, एक.

"आज सुनेकडून लाड का?" अहिल्याने हसत विचारलं.

"आज कसला?" रविना म्हणाली. "दोन वरसा जाली, मीच बांधते. हात कुटं जातो तिचा वर?"

बुधीने दचकून मान वर केली. अर्धा बांधलेला अंबाडा सुटला. सासूने सुनेकडे असं काही पाहिलं की ती बिचारी फणी घेऊन घरात निघून गेली.

अहिल्या ओट्यावर बसली. बुंदीची पिशवी हातातच राहिली. "बुधी, तू चार सांगितलंस मला."

"हां."

"खरं किती?"

बुधी जमिनीवर बोटाने रेघा ओढत राहिली. मग म्हणाली, "पयल्या टायमाला लाडकीनं नऊ सांगितला, तं तुजा तोंड उतरला, बाय. आमी बगितला. तवा परत जाताना आमी जीपमदीच ठरवला. दर बारीला दोन-दोन कमी सांगायचा. दुसऱ्या टायमाला सा सांगितला, तं तू चाय पाजलीस."

"सगळ्यांनी?"

"सगल्यांनी."

"आणि हात? एकशे वीसपर्यंत नेलास तू माझ्यासमोर!"

"नेला ना. मंग दोन दिस भाकर नाय थापता आली." बुधीने हे तक्रार म्हणून नव्हे, उलट जरा अभिमानानेच सांगितलं. "तू आमच्यासाटी जीप पाटवतीस, घरी येतीस, नाव घेऊन बोलवतीस. तुला नाराज कसा करावा?"

अहिल्याला आधी राग आला. चांगला सणकून आला. महिनोन् महिने राबून केलेल्या कामाचं या बायांनी जीपमध्ये बसून मातेरं केलं होतं. पण राग धरायला समोर बुधी होती, सुटलेल्या केसांची, दुखरा हात मांडीवर घेतलेली. तो तिच्यावर टिकेना. मग तो वळून अहिल्याच्याच अंगावर आला. चहा कोणी सांगितला होता? शाबास कोण म्हणालं होतं? औषधाचा गुण आकड्यांत दिसावा म्हणून कोण आसुसलेलं होतं?

सोमवारी तिने अकराही फाइली टेबलावर मांडल्या. आठ, सहा, चार. नऊ, सात, पाच. आठ, सहा, चार. निम्म्या बायकांच्या खांद्यात तर मिठाचं पाणी गेलेलं असणार. मग अकराच्या अकरा जणी पायऱ्या उतराव्या तशा उतरल्या कशा? शाळकरी पोरीलाही शंका आली असती. तिला आली नव्हती, कारण तिला ती यायला नको होती. शरमेने तिचे कान गरम झाले.

संध्याकाळी शर्टाची डावी बाही काढताना तिने प्रल्हादरावांना सगळं सांगितलं. उजवी बाही तशीच राहिली.

"म्हणजे औषधात काही नाहीच?" त्यांनी विचारलं.

"तेच तर कळायला मार्ग नाही आता. असेलही. या अकरा जणींवरून काही सांगता येणार नाही, एवढंच."

"आणि तू गप्प राहिलीस तर?"

"तर हे आकडे पुढे जातील. दुखणं कमी होतं म्हणून छापून येईल. मग कुणीतरी ऑपरेशन पुढे ढकलेल." हे बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण कुणाबद्दल बोललो.

प्रल्हादराव अंगणातल्या तुळशीकडे वळले. त्यांचा दुखरा खांदा एका बाजूने खाली आला होता. "स्टेशनातून फोन यायचा," ते म्हणाले. "मास्तर विचारायचा, गेट लागलं का? फाटक बंद झालं असेल तर आपण खुणेचा नंबर सांगायचा. त्या नंबरावर तो गाडी सोडायचा. कधी ट्रॅक्टर अडकलेला असायचा मध्ये, कधी बैल. मास्तर फोनवर शिव्या घालायचा, गाडी लेट होते म्हणून. पण गेट लागल्याशिवाय मी नंबर दिला नाही." मग त्यांनी हात पुढे केला. "ही बाही काढ गं. अवघडलोय."

देवेश तरुण होते, हा त्यांचा पहिलाच मोठा अभ्यास. दुसऱ्या दिवशी अहिल्याचं ऐकताना त्यांनी पेनचं टोपण दहा वेळा काढलं आणि लावलं.

"सिस्टर, आपला रिझल्ट सगळ्या सेंटरमध्ये बेस्ट आहे."

"म्हणूनच सांगते आहे, सर."

"हे तुम्ही मला बोललाच नाहीत, असं समजलो तर?" ते हळूच म्हणाले आणि लगेच त्यांनी मान खाली घातली. "सॉरी. नाही, तसं नको." मग त्यांनी कोरा कागद तिच्याकडे सरकवला. "लिहून द्या. खाली मीपण सही करतो."

तिने लिहिलं. जीपचं लिहिलं, चहाचं लिहिलं, लाडकीच्या खिशाचं लिहिलं. 'चूक बायकांची नाही, विचारणारीची आहे,' हे वाक्य तिने दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा तसंच ठेवलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. या केंद्रावरचे आकडे धरले जाणार नाहीत. नवीन रुग्ण घेऊ नयेत. इंजेक्शनचा काही अपाय झाला नाही ना, एवढं बघण्यासाठी प्रत्येकीला एकदा बोलवावं आणि काम बंद करावं. अहिल्याचं कंत्राट महिनाअखेर संपत होतं, ते पुढे वाढवणार नाहीत, हे शेवटच्या ओळीत होतं. प्रल्हादरावांनी ते पत्र चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि ते मुंबईच्या डॉक्टरांचा नंबर शोधायला लागले.

शेवटच्या जीपने बुधी आली. तिला कुठूनतरी कळलं होतं. खुर्चीच्या अगदी कडेवर ती बसली.

"माज्यामुले तुजा काम गेला, बाय?"

"नाही गं. माझ्यामुळेच गेलं."

बुधीला ते पटलं नाही. पण तिने वाद घातला नाही. अहिल्याने फॉर्म पुढे ओढला, पेन उघडलं. बुधीने सवयीने विचारलं, "किती सांगू?"

अहिल्याने पेन कागदावर टेकवलं. नुसती बघत राहिली. तोंडावर काहीच दिसू नये म्हणून तिने दात आवळून धरले होते.

बुधीने डावा हात उजव्या खांद्यावर ठेवला. डोळे मिटले. "नऊ," ती म्हणाली. "थंडीत दहा."

अहिल्याने नऊला गोल केला. हा कागद आता कुठल्याच हिशेबात धरला जाणार नव्हता, तरी तिने गोल नीट केला, रेघ रेघेला मिळवली. मग कोनमापक लावला. हात छातीपर्यंत आला आणि थांबला. बुधी कलली नाही, ओठही मिटले नाहीत.

"इतकाच," ती म्हणाली.

"बासष्ट," अहिल्याने लिहिलं. त्याखाली सही केली आणि तारीख घातली. चेहरा तिने ढळू दिला नाही. उठून दारापर्यंत गेली आणि बाहेर सांगितलं, "दोन चहा."

बुधी चमकून बघायला लागली. तिला वाटलं, बाईचं काहीतरी चुकलं असणार.

चहा आला. बुधीने कपाकडे बघितलं. मग उजवा हात तिने मांडीवर तसाच राहू दिला आणि डाव्या हाताने कप उचलला.