नीलाच्या बरगड्यांतलं आकाश

मी एक जुना एक्स-रे आहे. घाबरू नका मित्रांनो, मी भूत नाही, नुसती छाती आहे. नऊ वर्षांच्या नीलाची छाती.

एकोणऐंशी सालच्या जुलैमध्ये घाटकोपरच्या एका दवाखान्यात तिला गार पत्र्याला चिकटवून उभं केलं. आतून माणूस म्हणाला, "श्वास घे, रोखून धर." तिने धरला, आणि तेवढ्यात मी जन्मलो. "सोड," असं तो नंतर म्हणाला, पण तोवर माझं काम झालं होतं. म्हणून तो श्वास माझ्यात अजून तसाच आहे.

मग मला ओल्या अंगाने चिमट्याला टांगलं. शेजारी एका मोडक्या पायाचा एक्स-रे वाळत होता. तो म्हणाला, आपल्या अंगात चांदी असते, आपण मूळचे राजघराण्यातले. चांदीचं खरं आहे. राजघराण्याचं अजून तपासायचंय.

डॉक्टरांनी मला दिव्यासमोर धरलं आणि माझ्यातला एक पांढरट डाग दाखवला. बोटाच्या पेराएवढा. प्रायमरी कॉम्प्लेक्स, म्हणाले, म्हणजे लहान मुलांचा क्षय. गोळ्या, इंजेक्शनं आणि वर्षभर शाळा बंद. संध्याकाळी गार वाऱ्यात बाहेर पडायचं नाही.

नीलाची आई ती तान्ही असतानाच गेली होती. बाबा जयवंत गिरणीत कामाला. पोरीला वाढवलं ते वसुधाआत्याने. आत्या घरी बसून साड्यांना फॉल लावायची. सातवीत शाळा सुटलेली, पण पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. ती म्हणाली, शाळा बंद तर बंद, मी शिकवते. गणित बटणांवर शिकवलं, भूगोल रेशनच्या तांदळावर. आकाश कशावर शिकवायचं, तिथे अडलं. नीलाला अंधार पडल्यावर गॅलरीत यायची बंदी होती ना.

तेव्हा आत्याला मी आठवलो.

पेपरात महिन्याचा आकाशाचा नकाशा यायचा. तो तिने माझ्यावर टाचला आणि दोघी सुया घेऊन बसल्या. अंधुक ताऱ्याला बारीक सुई, ठळक ताऱ्याला गोधडीची सुई, आणि व्याधाला दाभण, कारण व्याध सगळ्यांत तेजस्वी. दुखलं का म्हणाल, तर दुखलं. पण कौतुकाचं दुखणं वेगळं असतं. मृग डाव्या बरगड्यांत बसला, व्याध त्याच्या खाली, आणि त्या पांढऱ्या डागावर आत्याने कृत्तिकांचा पुंजका टोचला. "आता हा डाग नाही हं," ती म्हणाली. नीलाने त्या दिवशी गोळी कुरकुर न करता घेतली.

भर दुपारी मला खिडकीला लावायच्या, आणि घरात तारे निघायचे. एकदा तर माझ्यातून एवढी आकाशगंगा सांडली, की खालच्या मजल्यावरच्या मालनबाईंनी ती केरसुणीने गोळा करून परत आणून दिली. खोटं वाटतं? मालनबाईंना विचारा. त्या आता गावी गेल्यात, ही गोष्ट वेगळी.

पण नीला रोज एकच विचारायची. "आत्या, खरं आकाश कधी?"

आत्या म्हणाली, "फेब्रुवारीत ग्रहण आहे. दिवसा. ते तुला दाखवीन."

चाळीत ग्रहणाची वेगळीच तयारी चालली होती. पाण्याच्या पिंपात तुळशीची पानं पडली, दारं-खिडक्या लागल्या. शेजारच्या सुगंधाबाई सांगून गेल्या की आजारी पोरीला तर सावलीसुद्धा लागता नये. जयवंतनेही बजावलं, ग्रहणात नीला बाहेर नको. आत्या म्हणाली, "दादा, पोरीला कसली भीती घालतोस? एक्स-रेतून बघायचं, सगळे तसंच बघतात." तो रात्रपाळी करून आला होता, भिंतीकडे तोंड करून झोपला.

मित्रांनो, सगळे तसंच बघत होते हे खरं. आणि ते चूक होतं, हेही खरं. माझा काळेपणा सूर्याला पुरत नाही. हे मला ठाऊक होतं, पण तोंड कुठलं?

ग्रहण लागलं तेव्हा सगळी गॅलरी रिकामी होती. ऊन फिकं पडत चाललेलं. आधी आत्याने माझ्या काळ्या कोपऱ्यातून क्षणभर बघितलं, मग नीलाला दाखवलं. "इथूनच बघ. भोकांतून नाही." आणि मग आत्याला वाटलं, पोरीने हे चित्र काढायला हवं. कागद-पेन्सिल आणायला ती आत गेली. पेन्सिलीला टोक नव्हतं. ब्लेड शोधण्यात वेळ गेला.

नीला एकटी राहिली. मला हळूच सरकवत तिने सूर्य नेमका व्याधाच्या भोकात आणला. "बघ," ती मला म्हणाली, "तुझ्या व्याधाला आज खरा उजेड मिळाला." आधी उजव्या डोळ्याने बघितलं, मग डाव्या. तिला दुखत नव्हतं, म्हणून ती बघतच राहिली.

मी मात्र दुसरीकडे बघत होतो. माझ्या इतर भोकांतून ऊन तिच्या पांढऱ्या फ्रॉकवर पडलं होतं, आणि प्रत्येक भोकाची एकेक कोर झाली होती. अख्खं ग्रहण तिच्या फ्रॉकवर उतरलं होतं, शंभर वेळा. तिने नुसती मान खाली घातली असती तरी चाललं असतं.

आत्या आली ती हसतच. "अगं, तुझ्या फ्रॉकवर कोरी कुठून आल्या?"

नीलाने कागद हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग विचारलं, "आत्या, कागदाच्या मधोमध काळं कशाने झालं?"

ग्रहण सुटलं, खाली गल्लीत दान मागणाऱ्यांचं 'दे दान, सुटे गिराण' सुरू झालं. दारं उघडली.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, आतला पडदा भाजलाय, डाग जायचा नाही. सुगंधाबाई म्हणाल्या, "पोरीक गिराण लागला." सगळ्या चाळीने तेच धरलं. जयवंत बहिणीला एका शब्दाने बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

जूनमध्ये नवा एक्स-रे काढला, माझा धाकटा भाऊ. त्यात छाती स्वच्छ. नीला शाळेत गेली. अक्षराकडे सरळ बघितलं की अक्षर जायचं, म्हणून मान वाकडी करून वाचायची. रात्री गॅलरीत यायची आता मोकळीक होती. पण ज्या ताऱ्याकडे बघावं, तोच नाहीसा व्हायचा. पोरं तिला तिरपी म्हणायची.

मला कपाटामागे सारलं. आत्याने पेपर वाचायचा सोडला.

नऊ वर्षं मी धूळ खाल्ली. परवा घराला रंग द्यायला कपाट हलवलं, तेव्हा नीलाच्या हाती लागलो. एकोणीस वर्षांची झालीय ती. आधी ती बोटांनी माझे तारे चाचपत राहिली. मग गॅलरीत गेली, उन्हाकडे पाठ केली आणि मला खांद्यावर धरलं. समोरच्या भिंतीवर शंभर गोल सूर्य पडले.

"आत्या, इकडे ये. असं बघायचं होतं आपण."

आत्या दारापर्यंत आली. हातात फॉलची सुई तशीच. भिंतीकडे बघून म्हणाली, "पाठ करून होय?"

"हो. पाठ करून."

"एवढंच होतं?"

आत्या आत गेली. त्या दिवशी तिला सुईत दोरा ओवता आला नाही, नीलाला तर कधीच येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही कपाटामागे माझा कुणी भाऊबंद असेल. त्याला टोचा, तारे काढा, त्याला आवडेल. पण त्याच्यातून सूर्याकडे बघू नका. कुणीही सांगितलं, अगदी ज्यांचा तुमच्यावर सगळ्यांत जास्त जीव आहे त्यांनी सांगितलं, तरी नाही. सूर्याकडे पाठ करा आणि भिंतीकडे बघा.

तुम्ही हो म्हणेपर्यंत मी आपला श्वास रोखून आहे.