मऊ बशी

औषधाने पुन्हा एकदा हात टेकले, तेव्हा लोर्ना फ्रीझेनने मायक्रोस्कोपवरून डोळे काढले आणि बशीतल्या पेशींना येतील तेवढ्या शिव्या घातल्या.

"त्यांना ऐकू येत नाही," शेजारच्या टेबलावरून रेमी म्हणाला. "मला येतं."

"मग कान झाक."

रेमी तिचा जुना सहकारी, तिच्या तोंडाला सरावलेला. तो उठला आणि कॉफी आणायला गेला.

राग पेशींवर नव्हताच. फायब्रोसिसमध्ये होतं काय, तर जखम भरायला आलेल्या पेशी काम संपलं तरी जागेवरून हलत नाहीत. व्रणावर व्रण चढवत बसतात. फुप्फुस चामड्यासारखं होतं आणि चांगला धडधाकट माणूस मोजे चढवताना धापा टाकायला लागतो. लोर्नाच्या औषधाने या पेशींना गप्प करायचं होतं. पण त्या कसल्या गप्प बसतात! ताणून, पाय रोवून बसलेल्या, रंग टाकला की व्रणाचे हिरवे दोर लख्ख दिसायचे.

पेशी होत्या मायरॉन प्रोकोपच्या. जन्मभर धान्याच्या कोठारावर राबलेला माणूस. विनिपेगमध्ये त्याची फुप्फुसं बदलली, तेव्हा जुनी त्याने हसत हसत लॅबला देऊन टाकली. रुग्णांच्या कॉफीच्या बैठकीत लोर्ना दिसली की विचारायचा, "काय गं, माझी जुनी मंडळी फार छळतात का तुला?" गेल्या हिवाळ्यात तो गेला. आणि आता त्याच्या लेकीच्या, डार्लीनच्या स्कॅनमध्ये तेच जाळं दिसायला लागलं होतं. घराण्यातच होतं ते. औषध लॅबमध्ये चाललं, तरच पुढे माणसांवर करून बघायची परवानगी मिळणार होती, आणि डार्लीन त्याच्याकडे डोळे लावून बसली होती.

रेमी कॉफी घेऊन आला. लोर्ना रिकाम्या बशीवर नखाने टकटक करत बसली होती.

"हे किती कडक आहे बघ," ती म्हणाली.

"प्लास्टिक आहे. कडकच असणार."

"मायरॉनचं फुप्फुस मी हातात घेतलं होतं रे. ते आजारी होतं तरी इतकं कडक नव्हतं! आणि आपण त्याच्या पेशी आधी कशावर वाढवतो? यावर."

"सगळं जग वाढवतं. चाचणीच्या वेळी जेलच्या मऊ थरावर हलवतो की आपण."

"तोवर त्यांना सवय लागलेली असते, रेमी. कडक लागलं की त्यांना वाटतं, जखम अजून आहे. मग मऊवर नेऊन काय उपयोग? त्या विसरतच नसतील!"

मऊ थराचं काम म्हणजे डोक्याला ताप. थर फाटतो, पेशी सुटून जातात. म्हणून सगळ्यांनीच सोयीची वाट धरलेली. लोर्नानेही. स्वतःच्या या आळसाची तिला त्या क्षणी इतकी चीड आली की कॉफी तशीच राहिली.

फुप्फुसातून काढून थेट गोठवलेल्या, प्लास्टिकला न शिवलेल्या मायरॉनच्या पेशींची एकच नळी उरली होती. ती वितळवून लोर्नाने पेशी पहिल्यापासून मऊ थरावर ठेवल्या. जेमतेम दोन बश्यांपुरत्या निघाल्या. एकीत औषध, दुसरी तुलनेसाठी बिनऔषधाची.

निकालाच्या दिवशी डार्लीन स्वतःच येऊन धडकली. आपल्या केस कापायच्या दुकानातून तशीच आलेली, हातात पेरोगीचा, बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांचा डबा, जिना चढून छाती भात्यासारखी चाललेली.

"लिफ्ट कशाला केलीय मग?" लोर्ना ओरडली.

"गप गं. दाखव आधी."

लोर्नाने औषधाची बशी लावली. डार्लीनने डोळा टेकवला. हिरवे दोर नव्हते. पेशी अंग सैल सोडून पडल्या होत्या.

"झोपलेत!" डार्लीन किंचाळली. "अगं, तातो, माझे बाबा झोपलेत!" तिने लोर्नाला मिठी मारली आणि रडायलाच लागली. रेमीचेही डोळे भरून आले.

त्या मिठीतून सुटून लोर्नाने दुसरी बशी लावली. बघितली. परत बघितली. तिथेही सगळं शांत होतं. औषधाचा थेंब नसताना.

तिने रेमीकडे पाहिलं. रेमीने बशीत डोकावलं आणि मान खाली घातली. आज नाही सांगितलं तर काय बिघडेल, असं लोर्नाच्या मनात आलं. एक दिवस तरी हिला आनंदात राहू दे. पण डार्लीन डोळे पुसत तिच्याकडेच बघत होती.

"काय झालं?"

"औषध काही करत नाही, डार्लीन. बिनऔषधाच्यासुद्धा शांत आहेत. मऊ जागा मिळाली, एवढंच."

डार्लीन स्टुलावर बसली.

"म्हणजे मला ते मिळणार नाही."

"नाही. हे नाही. पण ऐक, पुस्तकं म्हणतात या पेशी माघारी फिरत नाहीत. या फिरल्या. मला आता वेगळं काहीतरी शोधायचंय, आतलं फुप्फुस मऊ करणारं. किती काळ लागेल, देवाशपथ माहीत नाही."

"माझ्या वेळेत?"

लोर्नाला खोटं बोलता येईना. तिने मान हलवली. "सांगता येत नाही गं."

डार्लीनने परत मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि वडिलांना मन भरेपर्यंत बघून घेतलं.

"कोठारावरून आले तरी कधी असे सैल बसले नाहीत बघ," ती म्हणाली. मग उठून तिने कोट चढवला, पेरोगीचा डबा लोर्नाच्या हातात कोंबला. "गरम करून खा, दोघंही. आणि एक कर माझ्यासाठी."

"सांग ना."

"माझी फुप्फुसं येतील तुझ्याकडे, तेव्हा त्या प्लास्टिकवर नको घालूस. पहिल्यापासून मऊवर ठेव."

लोर्नाने हो म्हटलं आणि तिला लिफ्टपर्यंत सोडायला गेली.