बादलीला एक झाकण

बादलीला एक झाकण, हे येडूचं माप. येडू जाऊन दोन वर्षं झाली, तरी मेंढरांना गोचीड झाले की केराबाई दहा लिटरच्या बादलीत औषधाचं एकच झाकण ओतायची. नवरा गेला, पण त्याचा शब्द आपण मोडला नाही, याचा तिला मोठा तोरा होता.

या खेपेला मुलगा धनाजी सोलापुरातून मोठी बाटली घेऊन आला. औषध तेच. केराबाईनं झाकण भरून ओतलं आणि पहिलं बुडवून काढलं ते आई मेलेलं, तिनं बाटलीनं दूध पाजून जगवलेलं कोकरू. घटकाभरात त्याचे पाय लटपटले, तोंडाला फेस आला.

आठवीतली नात सुकन्या शाळेतून आली तेव्हा कोकरू केराबाईच्या मांडीवर होतं. पोरीनं दप्तर टाकून त्याला साबणानं धुतलं, धनाजीनं डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर पोचायच्या आत ते गेलं.

"तुज्या आज्यानं सांगितलं तसंच केलं की," केराबाई म्हणाली. "त्येंचंच माप चुकलं व्हय?" कोकराचं दुःख होतंच. पण जन्मभर ज्याच्या शब्दावर चाललो तो शब्दच खोटा निघावा, हे तिला सोसवेना.

सुकन्यानं फळीवरची जुनी बाटली काढली. खोकल्याच्या औषधाच्या मापानं दोन्ही झाकणांत पाणी मोजलं. मग बाटलीवरची सूचना वाचून वहीत मांडणी केली.

"आजी, लिटरला दोन मिली, हे प्रमाण. दहा लिटरला वीस. आज्याचं झाकण बरोबर विसाचं हाय, नवं पन्नासाचं. प्रमाण तेच ऱ्हातं, झाकण बदलतंय. बदलतं त्येला आमी क्ष म्हणतो. त्येची किंमत आदी काढावी लागती."

"म्हंजी त्येंचं चुकलं न्हवतं?"

"न्हाय."

केराबाईला हायसं वाटलं, आणि लगेच त्याची लाजही वाटली. येडू सुटला होता. चूक तिच्या एकटीची उरली होती. कोकराला तिनं स्वतःच्या हातानं पुरलं.

दुसऱ्या दिवशी बाकीची मेंढरं वाड्यात उभी होती. केराबाईनं बादली भरली, नवी बाटली सुकन्याच्या हातात दिली आणि जुनं झाकण पुढे केलं.

"आदी मोज," ती म्हणाली. "त्येंचंच हाय, तरी मोज."