कारणाचा रकाना

आमच्या चहाच्या कारखान्यात पानं आंबवायच्या खोलीवर डिंबेश्वर खुडांचं राज्य होतं. खुडा म्हणजे आम्हा सगळ्यांचे काका. पसरलेल्या पानांवर वाकून ते एकदा हुंगायचे, ‘उचला’ म्हणायचे, की आम्ही पानं भट्टीत घालायची. नाक शाबूत राहावं म्हणून हा माणूस हंगामभर तामोल-पान, म्हणजे ओली सुपारी नि विड्याचं पान, तोंडात धरत नसे. आसामात राहून तामोल नाही! बायको त्यांना अर्धा संन्यासी म्हणायची.

मग हेड ऑफिसने एक कॉम्प्युटर पाठवला, आणि सोबत पत्र: सर्वांनी सर्जनशील विचार करावा व तो विहित नमुन्यात भरून पाठवावा.

मॅनेजर मृगेन फुकन तक्ता घेऊन आले. “खुडा, पानं का उचलली ते रोज इथं लिहायचं. त्यावरून कॉम्प्युटर शिकणार.”

“अरे बाबा, वासावरून कळतं. त्याचं कारण काय लिहू?”

“काहीही लिहा, पण रकाना रिकामा नको.”

खुडांनी मनाला येईल ते लिहिलं. ‘मागच्या दाराने वारा.’ ‘आज गुरुवार.’ ‘कॅन्टीनमध्ये मासा करपला.’ कॉम्प्युटर बिचारा गुणी, त्याने सगळं पाठ केलं. दोन महिन्यांनी ‘उचला’ सांगायचं काम त्याच्याकडे गेलं आणि खुडांना फाटकावर गाड्यांचे नंबर टिपायला बसवलं. मला संताप आला, पण नोकरी मलाही टिकवायची होती. खुडा तिथं बसून दिवसभर तामोल चघळू लागले.

गुरुवार उजाडला आणि कॉम्प्युटरने कच्ची पानंच उचलायला लावली. चहाला गवताची चव आली. शनिवारी मासा काही करपेना, म्हणून तो वाट बघत राहिला, आणि पानं काळी पडली.

फुकन तबकात तामोल-पान घेऊन फाटकावर आले. आमच्याकडे माफी अशीच मागतात. “चुकलो, खुडा. आत चला.”

खुडांनी तोंडातलं थुंकून चूळ भरली. तबकातलं पान दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावलं आणि खांद्यावरच्या गामोश्याच्या, म्हणजे पंचाच्या, टोकाला बांधलं. “हे हंगाम संपल्यावर खाईन.” माझे डोळे भरून आले.

सोमवारी ते पानांवर वाकले. “उचला.” फुकनांनी रकान्यात स्वतःच लिहिलं, ‘खुडांचं नाक.’ कॉम्प्युटरने लाल अक्षरांत विचारलं, ‘नाकाचं तापमान?’

मग कोणालाही न विचारता फुकनांनी त्याची तारच उपटली.

संध्याकाळी हेड ऑफिसने कॉम्प्युटर बंद केल्याचं कारण मागवलं. फुकनांनी विहित नमुना काढला आणि सुवाच्य अक्षरांत भरला: ‘आज गुरुवार.’