तिसरी टेकडी

शनिवारी सकाळी खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये अंबादासांनी लेकीला वर्तमानपत्राच्या कडेला सात टेकड्या काढून दाखवल्या. बरगीचं धरण भरायच्या आधी, तरुणपणी, ते मित्रांबरोबर तिथे पायी हिंडले होते.

"या तिसरीवर आम्ही भाकरी भाजल्या. आता तिचं बेट झालं असंल. हिवाळ्यात तुला नेतो. समजलं?"

"हो बाबा, समजलं," पुस्तकातून मान वर न करता उत्पला म्हणाली.

रविवारी सकाळी चहा पितापिता ते गेले.

दोन महिन्यांनी लता आणि शरयू या मैत्रिणींबरोबर ती तो कागद घेऊन बरगीला आली. त्या एका बेटावर तिला पाय ठेवायचा होता. पण नावेतून मोजली तर बेटं पाच भरत, नाव वळली की अकरा. सगळ्यांवर तोच पळस, तेच काळे दगड.

"अगं, उलटा धरून राहिली तू कागद!" लता म्हणाली.

"सुलटा कोणता, ते तरी सांग," शरयू म्हणाली.

नावाडी हसला. "दीदी, पानी के ऊपर का पूछो. नीचे का हमें क्या मालूम!"

लतानं जवळच्या बेटाकडे बोट केलं. "चल, हेच समज."

उत्पलानं कागद फिरवला, पुन्हा फिरवला. मग पाण्याकडे बघत ती मोठ्यानं म्हणाली, "बाबा, मला समजलं नव्हतं. मी ऐकतच नव्हते."