न्हाणीतली कोंबडी

अंजनाबाईनं कवडीचे दोन्ही पंख एका हातात धरले आणि तिचं बूड टबातल्या कोमट पाण्यात अलगद टेकवलं. पाण्यात मूठभर मीठ होतं. कोंबडीनं एकदा पाय झाडले, मग मान आत ओढून गप्प बसली. अंगावर पांढरे ठिपके म्हणून तिचं नाव कवडी. चरोद्याच्या रेल्वे क्वार्टरमागं पाळलेल्या पाच कोंबड्यांतली हीच तेवढी हाक मारल्याबरोबर येणारी.

न्हाणीच्या दारात सून उभी होती. नूतननं ओढणी नाकावर दाबून धरली होती.

"आई, वास तर कमीच नाई होऊन राहिला."

"होईन ना. जखम आतून वाळाले दिवस लागतात."

"वीस दिवस झाले. हे म्हणत होते, एक बार जनावरांच्या डॉक्टरले दाखवून देऊ."

"कोंबडीच्या बुडासाठी डॉक्टर? क्वार्टरच्या लाइनीतले लोक हसतीन." अंजनाबाईनं मान वर केली नाही. "तू जा. पोळी जळीन तव्यावरची."

नूतन गेली. मागं यार्डात डब्यावर डबा आदळल्याचा आवाज झाला, तशी कवडी दचकली. अंजनाबाईनं तिला लुगड्याच्या फडक्यावर घेतलं आणि हळूहळू टिपून काढलं.

वीस दिवसांपूर्वी कवडीचं दुखणं खरंच होतं. शेपटाखालची जागा सुजून लालबुंद झालेली, पिसांवर पांढरी घाण वाळून दगडासारखी घट्ट झालेली, आणि दाराबाहेरूनही कळेल असा वास. बाकीच्या चौघी तिच्या मागं लागल्या होत्या. लाल दिसलं की कोंबड्या आपलं-परकं बघत नाहीत, टोचून टोचून आतडी बाहेर काढतात. म्हणून अंजनाबाईनं कवडीला उचलून न्हाणीत आणलं, बांबूच्या डालीखाली वेगळं ठेवलं, चिकटलेली पिसं कात्रीनं कापली. दोन वेळा मिठाचं पाणी, वर खोबरेल तेलात कालवलेली हळद, खायला थोडं दही. तिनं हे सगळं मन लावून केलं आणि कवडी बरी झाली. पंधराव्या दिवशीच झाली.

ही गोष्ट घरात फक्त अंजनाबाईला ठाऊक होती. तरीही ती रोज टब भरत होती आणि बऱ्या झालेल्या जागेवर हळदीचा जाड थर चोपडत होती, कारण वास आता कवडीचा नव्हता.

वास तिचा स्वतःचा होता. पाळी जाऊन बारा वर्षं झाल्यावर तिच्या अंगावरून पुन्हा जाऊ लागलं होतं. आधी नुसता ठिपका, मग घाणेरडं पाणी, मग रक्त. कोंबडीची म्हणून ती आपलीच फडकी धूत होती आणि कोंबडीची म्हणूनच ती मागच्या तारेवर उघडपणे वाळत घालत होती. काय डोकं चालवलं आपण, असं पहिले दोन दिवस तिला वाटलंसुद्धा. तिसऱ्या दिवशी न्हाणीतच बसून ती तोंडात पदर कोंबून रडली.

एके काळी अंजनाबाईचं नाक सगळ्या लाइनीत नावाजलेलं होतं. चौथ्या क्वार्टरमधलं दूध लागलं तरी हिला आधी कळायचं. याच नाकानं अठरा वर्षांपूर्वी ठकूबाईला हुडकलं होतं. ठकूबाई तिची नणंद, विधवा, भंडाऱ्याहून भावाकडं राहायला आलेली. असंच अंगावरून जायचं, असाच वास. विचारल्यावर ठकूबाईनं खाली बघत सांगितलं, सहा महिने झाले. दवाखान्यात म्हणाले, फार उशीर केला. मग अंजनाबाईनं नवऱ्याला सुचवलं की ताईंना मागच्या शेडमध्ये हवा चांगली लागेल. खाट तिकडं गेली. जेवणाचं ताट ती शेडच्या उंबऱ्यावर ठेवायची आणि उभ्याउभ्याच मागं सरायची. ठकूबाई कधी काही बोलली नाही. पौषात ती गेली. शेड धुऊन काढली, तिथं कोंबड्या आल्या.

आपलं हे कळलं तर आपली खाट कुठं जाईल, हे अंजनाबाईला नेमकं ठाऊक होतं. ती जागा तिनंच दाखवलेली होती.

नूतननं डॉक्टरचं काढलं त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगा राजकुमार लोको शेडच्या ड्यूटीवरून आला आणि खाटेवर आडवा झाला. अंजनाबाई देवापुढं दिवा लावत असताना न्हाणीतून नूतनची हाक आली.

"आई, इकडं या बरं."

नूतननं झाडायला म्हणून डाल उचलली होती. तिच्या तळहातावर एक अंडं होतं, अजून ओलसर.

"कवडीनं घातलं."

"दुसरीचं असन ते."

"दुसरी न्हाणीत कशी येईन, आई?"

दुखऱ्या जागेतून कोंबडी असं सुबक अंडं घालत नाही, हे नूतनला अंजनाबाईनंच शिकवलं होतं. नूतननं अंडं कोनाड्यात ठेवलं, कवडीला काखेत घेतलं आणि ओल्या अंगठ्यानं हळद पुसून काढली. खाली गुलाबी, स्वच्छ कातडी होती आणि नव्या पिसांचे कोंब. मग तिनं ओढणी बाजूला केली आणि कोंबडीचं बूड सरळ नाकाशी नेलं.

पुन्हा एकदा हुंगलं.

"सोडून येते इले," ती म्हणाली.

"टोचतीन त्या. आज नको."

नूतन थांबली नाही. अंजनाबाई खिडकीच्या गजाला धरून बघत राहिली. कवडी अंगणात उतरली तशा चौघी धावत आल्या. एकीनं शेपटाखाली मान घातली, हळदीच्या डागावर चोच मारली, तिथं काही लागलं नाही म्हणून निघून गेली. कवडी पंख झाडून दाण्यावर तुटून पडली. न्हाणी रिकामी झाली आणि वास तिथंच राहिला. आता त्याला दुसरा कोणी मालक उरला नव्हता.

अंजनाबाई न्हाणीच्या पाटावर बसली. स्वयंपाकघरात गॅस पेटल्याचा आवाज आला. भांडं ठेवल्याचा आला. मग मिठाच्या बरणीचं झाकण. ती ऐकत होती आणि मनात एकच घोकत होती, ताट कुठं ठेवते बघू.

नूतन टब घेऊन आली. तिनं तो खाली ठेवला, कोपर बुडवून पाणी बघितलं आणि दार आतून लावून घेतलं.

"बसा यात. मग ह्यांले उठवते. आजच दवाखान्यात जाऊ."

"मले काय झालं?"

नूतन तिच्यासमोर उकिडवी बसली. ओढणी खांद्यावर होती, नाक उघडं होतं. एवढ्या जवळ या घरात गेल्या कित्येक दिवसांत कोणी आलं नव्हतं.

"किती दिवस झाले, आई?"

"कवडीले? वीस-बावीस."

"मी कवडीचं नाई पुसून राहिली."

बाहेर अंगणात कवडी अंड्याची बातमी साऱ्या लाइनीला ओरडून सांगत होती. नूतननं सासूच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि वाट पाहिली.

"दिवस नाई," अंजनाबाई शेवटी म्हणाली. "महिने."

"किती?"

तिनं आधी एक पंजा उघडला. मग दुसऱ्या हाताचं एक बोट वर आलं. सहा, ठकूबाईएवढे. तिथं ती क्षणभर थांबली आणि मग आणखी दोन बोटं उघडली.