एकाच पातेल्यातला उपास

उपासातल्या तिसऱ्या रविवारी स्वयंपाकघर इतकं चिडीचूप होतं की सगळे देवळातच आहेत असं वाटावं. मी पाय ठेवला आणि वजनकाटा कर्रर्र करून वाजला.

सासूबाईंनी वाकून आकडा दोनदा वाचला, कानामागची पेन्सिल काढली आणि फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहिला. तिथं दोन रांगा होत्या, एक माझी आणि एक थोरल्या जाऊबाईंची, रुझित्साची. रुझित्सा सोळा दिवसांत साडेतीन किलोंनी उतरली होती. मी एक किलोनंसुद्धा नाही.

काटा आणायची हौस आम्हा दोघी जावांचीच. संत निकोला आमच्या घराण्याचा संत. त्याच्या सणाआधी तीन आठवडे मांस, अंडी, दूध, चीज सगळं बंद असतं, मग त्याच खटपटीत वजनही उतरलं तर काय वाईट, असं आम्ही ठरवलं. रुझित्साला मावसबहिणीच्या लग्नात हिरवा झगा घालायचा होता. माझं कारण वेगळं. माझी लेक कालिना पोटात होती तेव्हापासून माझी साखर काठावर होती, आणि माझी आई चोपन्नाव्या वर्षी साखरेनंच गेली. सासूबाईंनी नोंदी ठेवायचं काम आनंदानं घेतलं. कुठल्या कोंबडीनं कधी अंडं दिलं हेसुद्धा त्या तशाच लिहून ठेवतात.

जेवण एकाच पातेल्यातलं. कांदा घातलेले पांढरे राजमे, आंबवलेला कोबी, भाजलेले बटाटे, मूठभर अक्रोड. बुधवार-शुक्रवारी तेलाचा थेंब नाही. वाढायच्या सासूबाई, पळी तीच.

आकडा लिहून झाल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी भांडले तरी असते. त्या तळघरात गेल्या. थोड्या वेळानं मी बटाटे आणायला उतरले, तर सायीच्या मडक्यावरची साय त्यांनी चमच्यानं सारखी केली होती आणि वर बारीकसा क्रूस काढला होता. कुणी बोट घातलं तर कळावं म्हणून. घरात उपास धरलेल्या आम्ही तिघीच, त्यामुळे तो क्रूस कुणासाठी होता हे विचारायची गरज नव्हती.

दुपारी, कालिना शेजारीच असताना, भांडी पुसता पुसता त्या म्हणाल्या, "गुरुवारी सणाचा पाव रुझित्सा मळेल."

माझ्या हातातली ताटली तशीच राहिली.

सणाचा पाव मळणं हे या घरात साधं काम नाही. पाद्रीबाबा येऊन पाणी मंतरून देतात, त्याच पाण्यात पीठ भिजतं, आणि मळणारीनं उपास मोडलेला नसावा लागतो. चाळीस वर्षं तो पाव सासूबाईंनीच मळला. यंदा त्यांची मनगटं सुजली, तेव्हा शरदात मिरच्या भाजताना सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या होत्या, यंदा नेवेना मळेल, म्हणजे मी. मी शहरातून आलेली. या घरात आठ वर्षं झाली, पण त्या लाकडी परातीला माझा हात कधी लागला नव्हता. त्या दिवशी मी मिरच्यांच्या धुराचं निमित्त करून डोळे पुसले होते.

आणि आता एका काट्यानं ते काढून घेतलं. मी खोटी ठरले होते, तेही पोरीसमोर.

माझा नवरा वुकान म्हणाला, आईचा स्वभाव तुला माहीत आहे, एका पावासाठी एवढं काय. मी त्याला सांगितलं की तू आज माझ्याशी बोलू नकोस. तो नाही बोलला. पण गुपचूप जाऊन वजनकाटा बाथरूमच्या कपाटावर ठेवून आला.

मंगळवारी माझी रक्ताची तपासणी होती. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई निवृत्तीला आल्या आहेत, कागद नाकाशी धरून वाचतात. साखर खाली आली आहे म्हणाल्या. मला खरंच वाटेना. वजन तर हललंच नाही, मी सांगितलं, आणि मग कसं कोण जाणे, मडक्यावरच्या क्रुसापर्यंत सगळं सांगून टाकलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. आई कशी होती, मावशी कशी, आजी कशी, असं एकेक विचारत गेल्या. सगळ्याच माझ्यासारख्या, रुंद, थोडं खाऊनही भरलेल्या.

"हे बघ पोरी," त्या म्हणाल्या, "शंभर जणांना एकच जेवण वाढलं तरी काट्यावर शंभर वेगळे आकडे येतात. भूक किती लागते, पोट कधी भरतं, शरीर किती जाळतं आणि किती धरून ठेवतं, यात जनुकांचा मोठा वाटा असतो. तुझं शरीर धरून ठेवणारं आहे. तो काही गुन्हा नाही."

म्हणजे माझं कधी उतरायचंच नाही का, मी विचारलं.

"उतरेल, सावकाश. जनुकांनी रस्ता चढाचा दिलाय, बंद नाही केलेला. तुझ्या रक्तानं तुझं ऐकलंय, हे इथं लिहिलंय. काट्याला ऐकायला वेळ लागतो, इतकंच."

मग पोरीला शाळेत गाडीनं सोडतेस की चालत, असं त्यांनी विचारलं. गाडीनं, मी खाली बघत म्हणाले. उद्यापासून चालत, असं त्यांनी औषधाच्या चिठ्ठीवरच लिहून दिलं. खाली सहीसुद्धा केली.

घरी येऊन मी तो तपासणीचा कागद सासूबाईंसमोर ठेवला. त्यांनी तो लांब धरून पाहिला आणि म्हणाल्या, रक्तातलं रक्तात राहू दे, तोंडात काय गेलं ते देव बघतो. आणि राजमे निवडायला लागल्या. मी ठरवलं, आता एक शब्द बोलायचा नाही. बुधवारी आणि गुरुवारी सकाळी कालिनाचा हात धरून शाळेपर्यंत चालत गेले. पोरगी वाटभर गोठलेल्या डबक्यांवर उड्या मारत होती. एवढी मजा गाडीत कधी आली नव्हती.

गुरुवारी दुपारी परात टेबलावर आली. पीठ चाळून झालं. मंतरलेल्या पाण्याची बाटली मधोमध उभी. कालिना स्टुलावर चढून बसली होती, पाव सजवायच्या पिठाचं कबुतर करायला मिळेल या आशेनं. रुझित्सानं बाह्या दुमडल्या, बाटलीला हात लावला आणि काढून घेतला. पुन्हा लावला. मग खुर्चीत बसली.

"आई, मला नाही जमणार."

"हात दुखतोय का?"

"उपास मोडलाय मी." ती बाटलीकडेच बघत होती. "बसस्टँडवर, तिकिटांच्या खिडकीसमोर बेकरी आहे ना. चीज भरलेला, पापुद्र्यांचा गरम बुरेक. पहिल्या आठवड्यापासून. दिवसाआड तरी."

सासूबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, जणू बुरेक कुठे ठेवलाय ते शोधत होत्या.

"आणि साडेतीन किलो?"

"ते तसंच होतं माझं. आमचे बाबाही काडी होते मरेपर्यंत, आणि खायचे दोन माणसांचं. खाणं थोडं कमी झालं की भसकन उतरतं." ती रडायला लागली. "नेवेनाला तुम्ही नाही म्हणालात तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बरं वाटत होतं हो आई, तुम्ही माझा आकडा मोठ्यानं वाचायचात ते."

मला राग यायला हवा होता. आलाही असेल. पण त्या शेवटच्या वाक्यावर तो टिकला नाही. मी तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला.

सासूबाईंनी परातीच्या कडेचं पीठ हातानं आत सारलं. मग म्हणाल्या, "चाळीस वर्षं डुकरं पाळली मी. एका डोणीत खाणारी दोन पिल्लं, एक फुगतं, एक सुकं राहतं. जात बघूनच तर पैदाशीला ठेवते. जनावरात मला दिसतं. घरात नाही दिसलं."

हे कुणाला उद्देशून होतं ते त्यांनी सांगितलं नाही. रुझित्साला त्यांनी एवढंच बजावलं की उद्या पाद्रीबाबा आले की त्यांना तूच सांगायचं, मी नाही. मग तळघरात गेल्या आणि मोठा चमचा घेऊन वर आल्या. चमच्याला साय लागलेली होती; मडक्यावरचा क्रूस त्यांनी पुसला होता. तो त्यांनी माझ्या समोरच धुतला, नीट, दोनदा.

"हात धू नेवेना," त्या म्हणाल्या. "कोपरापर्यंत."

मी हात धुतले. बाटलीतलं पाणी गार होतं, पीठ सुरुवातीला बोटांना चिकटत राहिलं. सासूबाई शेजारी उभ्या राहून सांगत होत्या, मुठीनं नाही, तळव्यानं, खालून वर. एकदा त्यांनी आपला सुजलेला हात माझ्या हातावर ठेवून दाबला आणि तिथंच राहू दिला. हळूहळू पीठ परातीपासून सुटायला लागलं, गुळगुळीत झालं. रुझित्सा नाक पुसत भट्टीत लाकडं सारत होती.

कालिनानं आपला पिठाळ पंजा माझ्या पंजाशेजारी ठेवला. तीच रुंद बोटं, तोच आखूड अंगठा. ती कितीतरी वेळ दोन्हींकडे आळीपाळीनं बघत होती.

"आई," तिनं विचारलं, "माझ्या आत तुझं अजून काय काय आलंय?"